मंद्रूपच्या विहिरीतला तांबडा पट्टा आणि पाठ्यपुस्तकातलं एक वाक्य

"दख्खनचं पठार लाव्हारसाचे थर साचून तयार झालं." हे वाक्य न लिहिता महाराष्ट्रात कुणी सातवी पास झालं असेल असं मला वाटत नाही. रिकाम्या जागा भरा, कारणे द्या, एका वाक्यात उत्तरे लिहा, सगळीकडे ते येतं. मीही ते पाठ केलं होतं आणि परीक्षा झाल्यावर विसरले होते. आता पीएचडीसाठी एकोणिसाव्या शतकातल्या दख्खनच्या भूसर्वेक्षणाचा इतिहास वाचते आहे, तर त्याच वाक्याशी रोज गाठ पडते.

मध्यंतरी मंद्रूपच्या एका शाळेत सातवीच्या वर्गावर तासभर बोलायचा योग आला. सोलापूरहून विजयपूरच्या रस्त्याला लागलं, वडकबाळला सीना ओलांडली, की पुढे मंद्रूप. आजूबाजूला काळी जमीन, ज्वारी, अलीकडे ऊस. मी फळ्यावर थरांचं चित्र काढलं आणि तेच वाक्य सांगितलं. मग तीन प्रश्न आले.

पहिला: "मॅडम, लाव्हा आला तर त्यो ज्वालामुखीचा डोंगर कुठं हाय?"

दुसरा: "आमच्या विहिरीत मधीच एक तांबडा पट्टा हाय. त्यो पण लाव्हाच का?"

तिसरा: "आपल्याकडं कडक दगड हाय, म्हणून भूकंप होत नाही ना?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला येत होती. तिसऱ्याला मी अडखळले. घरी येताना लक्षात आलं, की या तीन प्रश्नांवर शास्त्रज्ञांनी जवळजवळ दोनशे वर्षं घालवली आहेत. तुमच्यापैकी जे संशोधनाचा विषय शोधताहेत, सिनॉप्सिस लिहिताहेत, त्यांच्यासाठी हा इतिहास सांगते.

डोंगर कुठे आहे?

विल्यम हेन्री साईक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी. १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करायचं काम त्याच्याकडे होतं. लोकसंख्या, पिकं, पक्षी, पाऊस, सगळं तो टिपत असे. खडकही त्यात आले. १८३०च्या दशकात त्याने लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीसाठी दख्खनच्या खडकांवर निबंध लिहिला. त्याला सगळ्यात जास्त नवल वाटलं ते आडव्या थरांचं. एका डोंगराच्या कड्यावर दिसणारा थर दरीपलीकडच्या डोंगरावर त्याच उंचीला पुन्हा दिसतो. पायऱ्या पायऱ्यांनी चढत जाणाऱ्या अशा खडकाला युरोपात 'ट्रॅप' म्हणत. स्वीडिश भाषेत 'ट्राप्पा' म्हणजे जिना. 'दख्खन ट्रॅप' हे नाव रूढ होण्यात साईक्सच्या लिखाणाचा मोठा वाटा आहे.

पण जिना दिसला तरी चूल सापडेना. व्हेसुव्हियस किंवा एटनासारखा शंकू दख्खनमध्ये कुठेच नाही. लाव्हा डोंगराच्या तोंडातून येतो, हे तेव्हाचं पाठ्यपुस्तकी ज्ञान होतं. मग काही जणांनी मांडलं, की हे सगळं समुद्राच्या तळाशी घडलं असेल आणि पाण्याच्या दाबाखाली लाव्हा सपाट पसरला असेल.

ही कल्पना मोडली ती गोगलगाईंनी. मद्रास सैन्यातले डॉक्टर माल्कमसन यांना पठाराच्या पूर्व भागात, लाव्हाच्या थरांच्या मध्ये, गाळाच्या खडकात शिंपले आणि गोगलगाईंचे जीवाश्म मिळाले. ते १८३७च्या सुमारास जाहीर झाले. पुढे १८५०च्या दशकात नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी हंटर यांनी तसे कितीतरी जीवाश्म जमवले. 'फायसा' जातीच्या या गोगलगाई गोड्या पाण्यातल्या होत्या. म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तिथे तळी होती, झाडं होती, समुद्र नव्हता.

१८५१ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण सुरू झालं होतं. त्यातल्या विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६७ मध्ये हे सगळे पुरावे एकत्र ठेवून मांडलं, की लाव्हा उघड्या जमिनीवरच वाहिला. मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांच्या १८७९ च्या ग्रंथाने ते मत पक्कं केलं. डोंगर का नाही, याचंही उत्तर हळूहळू सापडत गेलं: लाव्हा जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकी इथे सुमारे २५ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला. आपल्याकडे धुळे-नंदुरबार भागात आणि कोकणात जमिनीत उभ्या भिंतींसारखे काळ्या दगडाचे पट्टे दिसतात. त्या भेगांत थिजून राहिलेला लाव्हा तो.

म्हणजे मंद्रूपच्या पोराने विचारलेला प्रश्न साईक्सच्या पिढीचा होता, आणि समाधानकारक उत्तर यायला निदान चाळीस वर्षं लागली. पुस्तकातल्या एका वाक्यात ही चाळीस वर्षं कुठेच दिसत नाहीत.

तांबडा पट्टा

विहिरीतल्या पट्ट्याचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मी वहीत विहीर काढायला लावली. त्याने वरून सुरुवात केली: काळी माती, मग मुरूम, मग भोकंभोकं असलेला दगड, मग काळा कडक पाषाण, मग तांबडा पट्टा, त्याखाली पुन्हा भोकांचा दगड. खोली त्याने परसात सांगितली, कारण आजोबा परसातच मोजतात. भूविज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची आकृती यापेक्षा फार वेगळी नसते.

लाव्हा वाहतो तेव्हा त्यातला वायू वर येतो, म्हणून थराचा वरचा भाग जाळीदार होतो. मधला भाग सावकाश थंड होतो, म्हणून भरीव आणि कडक. जाळीतल्या पोकळ्यांत पुढे खनिजं साचतात, त्याच आपल्या गारगोट्या. एक थर थंड झाला आणि पुढचा यायला वेळ लागला, तर मधल्या काळात दगड कुजतो, त्याची माती होते. त्या मातीवर पुन्हा तापलेला लाव्हा आला, की ती लाल होते. बऱ्याच ठिकाणचा तांबडा पट्टा हा असा. तो लाव्हा नाही, दोन लाव्हांच्या मधली विश्रांती आहे.

त्या पोरासाठी ही नुसती माहिती नव्हती. त्याच्या घरच्यांनी दोन बोअर मारले, दोन्ही कोरडे गेले. पाणाड्याने नारळ फिरवून जागा दाखवली होती. भरीव पाषाणात पाणी राहत नाही. ते राहतं मुरमात, जाळीदार भागात, भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यावर. शेजारच्या चार विहिरींचे पट्टे नीट मांडले, तर खाली काय लागेल याचा अंदाज तरी बांधता येतो. १९७२ च्या दुष्काळाच्या वर्षी राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली, ती याच प्रकारच्या ज्ञानासाठी.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट खटकायला हवी. थरांचं हे ज्ञान साईक्सच्या आधीपासून इथे होतं. विहिरी खोदणारे, दगड फोडणारे वडार आणि इतर कारागीर कुठल्या दगडाला सुरुंग लागतो, कुठला पहारीने निघतो, हे जाणत होतेच. पण मुंबई इलाख्याचे गॅझेटियर उघडा. सोलापूरचा खंड १८८४ चा आहे. या मालिकेची रचनाच अशी, की खडक एका प्रकरणात आणि खडक फोडणारी माणसं दुसऱ्या प्रकरणात. दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवून वाचली, तर नवा प्रश्न उभा राहतो. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण अशाच वाचनातून निघालं.

आणि तांबडा पट्टा अजून संपलेला नाही. लाव्हाचे उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. डायनासोर गेले तोही काळ तोच. मग डायनासोर उल्केने मेले की आपल्या लाव्हाने, हा वाद १९८० च्या दशकापासून चालू आहे. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दख्खनच्या थरांची वयं काढणारे दोन निबंध आले. एका गटाने वय काढलं ते थरांमधल्या अशाच तांबड्या पट्ट्यांत सापडलेल्या झिरकॉनच्या बारीक कणांवरून, दुसऱ्याने खुद्द लाव्हाच्या खडकावरून. उल्का पडण्याआधी किती लाव्हा आला आणि नंतर किती, यावर दोघांचं जुळलं नाही. आपल्या विहिरीतली तांबडी माती म्हणजे जागतिक वादातला साक्षीदार आहे, हे सांगितल्यावर वर्गात पहिल्यांदा शांतता झाली.

सहा कोटी साठ लाख म्हणजे किती, हे मुलांना कळेना. तेव्हा मंद्रूपपासून जवळच्या हत्तरसंग कुडलचा आधार घेतला. भीमा आणि सीनेच्या संगमावरच्या तिथल्या मंदिरात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी तो एक मानला जातो. हजार वर्षं म्हणजे एक सेंटिमीटर धरा. शिलालेख आपल्यापासून एक सेंटिमीटरवर. आणि ज्या काळ्या दगडाचं हे सगळं पठार आहे, तो ६६० मीटरवर. पोरं शाळेच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत नजरेने अंतर मोजायला लागली.

"कडक दगड, म्हणून भूकंप नाही"

तिसरा प्रश्न राहिला. ३० सप्टेंबर १९९३, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीचा भूकंप. सोलापूरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरसुद्धा नाही. सरकारी आकड्यांनुसार आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. बहुतेक जण जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद असलेल्या घरांखाली. तो दगड आपला हाच काळा दगड.

ही मुलं तेव्हा जन्मलेली नव्हती. पण "पठार प्राचीन, कठीण, म्हणून स्थिर" हे वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. तेव्हाच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशावर किल्लारी पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेने हाच धडा दिला होता, आणि १९७० मध्ये नकाशातला 'शून्य' पट्टा काढून टाकावा लागला होता. किल्लारीनंतर २००२ मध्ये पहिला पट्टाही रद्द झाला. नकाशा दोन्ही वेळा भूकंपाच्या मागून चालला.

चूक कुठे होती? वरचा दगड कडक आहे हे खरंच. पण तो पातळ चादरीसारखा आहे. सह्याद्रीकडे ही चादर जाड. कोयना परिसरात शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेतलं, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर बेसॉल्ट लागला. किल्लारीत भूकंपानंतर घेतलेल्या छिद्रात ३३८ मीटरवरच तो संपला. पूर्वेला शहाबादकडे गेलं, की चादर विरते आणि खालचा जुना चुनखडक उघडा पडतो. आपल्या घरात टाकलेली शहाबादी फरशी ती हीच. दक्षिणेकडची चादरीची कड आणि तिथले जुने खडक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७६ च्या दक्षिण मराठा मुलखावरच्या अहवालात नोंदवले होते. भूकंप होतो तो चादरीखालच्या जुन्या खडकातल्या भेगा सरकल्या की. भारताचा सगळा भूखंड उत्तरेला रेटला जातो आहे, त्याचा ताण त्या भेगांवर येतो. वर बसून ते दिसत नाही.

मी मुलाला सांगितलं, "होतो बाळा. कमी होतो, पण होतो." मग घर कसं बांधतात, दगडी भिंतीत मधे मधे आडवी बांधणी का लागते, यावर बोललो. तास संपला तरी कुणी उठलं नाही.

संशोधन करणाऱ्यांसाठी

विषय सापडत नाही असं म्हणणाऱ्या मित्रमैत्रिणींना मी आता एकच काम सांगते. आपल्या विषयातलं सातवीच्या पुस्तकातलं एक वाक्य घ्या आणि त्याला चार प्रश्न विचारा. हे पहिल्यांदा कुणी म्हटलं? कशावरून म्हटलं? तेव्हा कोण नाही म्हणत होतं? आणि हे वाक्य पाठ करताना आपण काय विचारायचं सोडून दिलं? पहिल्या तीन प्रश्नांनी साहित्य-आढावा तयार होतो. चौथा मिळाला तर प्रबंध. "स्थिर पठार" या वाक्याला चौथा प्रश्न विचारायला आपल्याला किल्लारी लागली.

तांबड्या पट्ट्यावाल्या मुलाला मी घरचा अभ्यास दिला आहे: गल्लीतल्या पाच विहिरींचे पट्टे वहीत काढायचे, खोली परसात आणि फुटांत दोन्ही लिहायची, आणि विहीर कुणी खोदली त्यांची नावं आजोबांना विचारून खाली लिहायची. उन्हाळ्यात पाणी उतरलं, की ती वही बघायला मी पुन्हा मंद्रूपला जाणार आहे.