उचललेले गाव

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत आले. पण बांधून झालेले घर कपाटांसह, भांड्याकुंड्यांसह जमिनीवरून वर उचलून पाहावे, असे कुणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. अमेरिकेत टेक्सास राज्याच्या किनाऱ्यावर गॅल्व्हेस्टन नावाचे गाव आहे, त्या गावाने हा उद्योग केला. आणि तोही एकदुसऱ्या घराचा नव्हे, तर दोन हजारांहून अधिक इमारतींचा! माझी उभी हयात सरकारी बांधकामखात्यात गेली. मुलगा ह्यूस्टनला राहतो, तेथून हे गाव पन्नासेक मैलांवर. त्यामुळे चार-पाच वेळा तिकडे जाणे झाले. इतर मंडळी समुद्रात डुंबत, आणि मी लोकांच्या घरांची जोती न्याहाळत हिंडे. सूनबाईला त्याची थोडी लाज वाटे, पण जुनी खोड ती जाते कोठे!

गॅल्व्हेस्टन हे बेट म्हणजे वाळूची एक लांबट, अरुंद पट्टी. एका अंगाला मेक्सिकोचे आखात, दुसऱ्या अंगाला खाडी. सन १९०० मध्ये तेथे सुमारे ३८ हजार वस्ती होती. कापसाचे मोठे बंदर, पैसा खेळता, हवेल्या एकीपेक्षा एक देखण्या. परंतु साऱ्या गावात समुद्रसपाटीपासून नऊ फुटांइतकी उंच जागा एकही नव्हती. बहुतेक घरे लाकडाची, विटांच्या किंवा लाकडाच्या बुटक्या खांबांवर ठेवलेली. ‘ठेवलेली’ हा शब्द मी जाणून वापरतो. घराची तुळई खांबावर टेकलेली असे आणि स्वतःच्या ओझ्याने जागच्या जागी राही. वरून खाली येणाऱ्या भाराला असा पाया पुरतो. खालून वर येणारा भारही असू शकतो, हा विचार कुणाच्या मनात नव्हता.

सूचना मिळाली नव्हती असे मात्र नाही. त्याच किनाऱ्यावरील इंडियानोला हे बंदर १८७५ च्या वादळात मोडले, पुन्हा उभे राहिले आणि १८८६ च्या वादळानंतर कायमचे ओस पडले. तेव्हा गॅल्व्हेस्टनमध्ये समुद्राला भिंत घालण्याच्या गोष्टी निघाल्या आणि विरल्या. १८९१ मध्ये तेथील हवामान कचेरीचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी वर्तमानपत्रात लिहिले की, वादळ या गावाचे फार मोठे नुकसान करील ही समजूत निव्वळ भ्रम आहे. वाळूच्या ज्या टेकड्या लाटांना थोडाफार अटकाव करीत, त्याही लोकांनी गावातील खळगे भरण्यासाठी उकरून नेल्या होत्या.

८ सप्टेंबर १९०० रोजी, शनिवारी, वादळ आले. पाणी पंधरा फुटांच्याही वर चढले. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास तर चार सेकंदांत चार फूट पाणी वाढल्याचे क्लाइन यांनीच नमूद केले आहे.

अशा वेळी घराच्या पायाचे काय होते, हे नीट समजून घेण्याजोगे आहे. आपल्याला वाटते, वाऱ्याने घर पडते. वारा छप्पर नेतो, भिंती हलवतो. पण पायाचा खरा वैरी पाणी. लाकडी घराच्या जमिनीखाली पाणी शिरले की ते घराला वर ढकलू लागते, आणि खांबांशी न जखडलेले घर चक्क तरंगते. मग लाट त्याला बाजूला सारते आणि पाणी ओसरताना ते भलत्याच ठिकाणी वाकडेतिकडे बसते. दुसरे असे की, लाट खांबाला वळसा घालून जाताना त्याच्या बुडाशी भोवरा करते आणि वाळू उकरून नेते. खांब शाबूत, पण त्याच्याखाली जमीनच नाही, अशी गत होते. तिसरा मार सर्वांत वाईट. मोडलेल्या घरांचे वासे, तुळया, रेल्वेचे रूळ पाण्याबरोबर ओंडक्यासारखे पुढच्या घरावर आदळतात. एक घर पडले की ते शेजाऱ्याच्या घरावर चालून जाते.

त्या रात्री पुष्कळ लोकांनी कुऱ्हाडी घेऊन आपल्याच घराच्या लाकडी जमिनीला भोके पाडली. पाणी आत येऊ दिले तर घर जडावेल, तरंगणार नाही, हा हिशेब! पोराबाळांना माडीवर धाडून, खाली गुडघाभर पाण्यात उभे राहून, कालपर्यंत पुसूनपासून ठेवलेल्या फळ्यांवर कुऱ्हाड चालवायची. बांधकामाचे इतके अचूक ज्ञान इतक्या भयंकर शाळेत कुणाला मिळू नये.

क्लाइन यांचे घर मजबूत म्हणून सुमारे पन्नास माणसे तेथे आसऱ्याला आली होती. रेल्वेच्या पुलाचा सांगाडा लाटांबरोबर येऊन त्यावर आदळला आणि घर कोसळले. अवघी अठरा माणसे वाचली. क्लाइन यांची गरोदर पत्नी गेली. किनाऱ्यावरच्या अनाथाश्रमात जोगिणींनी मुलांना दोरीने आपल्या कमरेशी बांधून घेतले होते. दहा जोगिणी आणि नव्वद मुले बुडाली. तीन मुलगे तेवढे राहिले. गावात एकंदर निदान सहा हजार माणसे मेली. कोणी आठ हजार म्हणतात, कोणी त्याहून अधिक. मोडक्या घरांचा ढिगारा मैलोन् मैल तटासारखा साचला, आणि त्या तटानेच लाटा अडवून गावाचा मधला भाग वाचवला, ही त्यातली क्रूर गंमत.

इंडियानोलाप्रमाणे हेही गाव उठून जाईल, असे पुष्कळांना वाटले. गावाने तीन इंजिनियर बोलावले: हेन्री रॉबर्ट, आल्फ्रेड नोबल आणि एच. सी. रिप्ले. यांपैकी रॉबर्ट म्हणजे सभा कशी चालवावी याचे जगप्रसिद्ध नियम लिहिणारे तेच गृहस्थ. सभेत शिस्त आणू पाहणाऱ्या माणसाने पुढे समुद्राला शिस्त लावायला घ्यावी, हा बढतीचाच प्रकार! आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या सभा पाहिलेल्यांना मात्र समुद्र सोपा वाटेल.

जानेवारी १९०२ मध्ये तिघांनी सल्ला दिला. एक, समुद्राच्या बाजूला सतरा फूट उंचीची काँक्रीटची भिंत. दोन, भिंतीमागचे सगळे गाव भर घालून उंच करणे. १९०२ ते १९०४ या काळात भिंतीचा तीन मैलांहून अधिक लांबीचा पहिला टप्पा झाला. बुडाशी सोळा फूट रुंद, माथ्याशी पाच फूट, आणि समुद्राकडची बाजू आत वळलेली, म्हणजे लाट वर चढून मागे परतावी. भिंत जमिनीत ठोकलेल्या लाकडी खुंटांवर उभी केली आणि बुडाची वाळू उकरली जाऊ नये म्हणून पुढे ग्रॅनाइटचे धोंडे पसरले. घरांचा पाया कशाने गेला हे या मंडळींना पुरते उमगले होते, याची साक्ष मला त्या धोंड्यांत दिसते.

खरी मौज पुढे आहे. गावातून एक कालवा खणला. समुद्रातून वाळू उपसणारी जहाजे त्या कालव्याने गावात येत आणि नळांवाटे वाळूमिश्रित पाणी सोडीत. पाणी निथळून जाई, वाळू उरे. तत्पूर्वी त्या भागातील घरे उचलायची. मोटारीचे चाक बदलताना लावतात तशाच जातीचे, फिरकीचे जॅक घराखाली ओळीने मांडीत. इशारा झाला की सगळ्यांनी एकदम फिरकी द्यायची, तीही अगदी थोडी. एक कोपरा पुढे गेला की गिलावा तडकलाच. हवी तेवढी उंची आली की खाली नवे खांब उभारायचे आणि मग भर घालायची. सेंट पॅट्रिकचे चर्च सुमारे तीन हजार टनांचे. ते सातशे जॅकांवर पाच फूट उचलले. १९११ पर्यंत हे काम चालले आणि एक कोटी साठ लाख घनयार्डांच्या आसपास भर पडली. तोवर गावकरी लाकडी मचाणांवरून ये-जा करीत. खाली चिखल आणि त्यातल्या मेलेल्या मासळीची दुर्गंधी!

एक गोष्ट मात्र मला खटकते. रस्ते आणि नळ उचलण्याचा खर्च सरकारी, पण घर उचलण्याचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा. चार वर्षांपूर्वी बायकामुले गमावलेल्या माणसाला उरलेल्या झोपडीसाठी जॅकवाला गाठावा लागला असेल. ज्यांना जड इमारती उचलणे परवडेना, त्यांनी खालचा मजलाच पुरू दिला. अ‍ॅश्टन व्हिला ही १८५९ ची हवेली आजही पाहता येते. तिचे तळघर वाळूने भरलेले आहे आणि बाहेरचे लोखंडी कुंपण निम्मेशिम्मे जमिनीत गेल्यामुळे ठेंगणे दिसते. झाडे खाऱ्या वाळूने मेली. स्मशानातल्या थडग्यांवरही भर पडली आणि वर नवी थडगी झाली.

१९१५ मध्ये तसेच मोठे वादळ आले. भिंत टिकली आणि गावातील मृत्यू बोटांवर मोजण्याइतके झाले. पण भिंतीपुढची चौपाटी मात्र लाटांनी खाऊन टाकली. तेथे आता बाहेरून वाळू आणून टाकावी लागते. आणि सप्टेंबर २००८ मध्ये ‘आइक’ वादळात भिंत उभीच होती, पाणी मागल्या दाराने, खाडीकडून, गावात शिरले.

भिंतीच्या पश्चिमेला उघड्या किनाऱ्यावर जी घरे आहेत, ती आता जमिनीत खोल ठोकलेल्या लाकडी खांबांवर उंच उभी असतात. खांब इतके खोल की वाळू उकरली गेली तरी बूड सुटू नये. तुळई आणि खांब लोखंडी पट्ट्यांनी जखडलेले. खाली भिंत घातलीच तर लाटेने सहज गळून पडेल अशी. जुने घर खचले तर आधी जमीन वाळू देतात, नुसत्या भेगा बुजवीत नाहीत. मग घर थोडे थोडे उचलून समपातळीत आणतात, खालचा पाया नवा करतात आणि पुन्हा जखडतात. शेजारच्या गिलक्रिस्ट वस्तीत ‘आइक’नंतर समुद्राकाठी उंच खांबांवरचे जवळजवळ एकच घर उरले होते. त्या कुटुंबाचे आधीचे घर तीनच वर्षांपूर्वी, २००५ मध्ये, ‘रिटा’ वादळात गेले होते.

‘आइक’नंतर गॅल्व्हेस्टनमधली बरीच घरे पुन्हा उचलली गेली, या खेपेस सरकारी मदत घेऊन. जॅक आता तेलाच्या दाबावर चालतात. ते सारे एकाच यंत्राला जोडलेले असतात, आणि एक माणूस कळ दाबून चारी कोपरे एकदम वर नेतो.