दूधसागर : केव्हा व कसा पाहावा?

सुमारे ३१० मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्याने कोसळणारा दूधसागर धबधबा गोवा-कर्नाटक सीमेजवळ, भगवान महावीर अभयारण्याच्या परिसरात आहे. पावसाळ्यात त्याचे रूप सर्वांत भव्य असते. मात्र जवळ जाण्यास तोच काळ सर्वाधिक धोक्याचा असतो.

कुळे येथून जंगलमार्गे जाणाऱ्या जीपगाड्या वाटेत ओहोळ ओलांडतात. पावसाळ्यात ही वाट बंद असते आणि साधारणतः ऑक्टोबरमध्ये खुली होते. दरम्यान अनेक हौशी पर्यटक लोहमार्गावरून चालत निघतात. या मार्गात बोगदे असून गाडी आल्यास बाजूला सरण्यास पुरेशी जागा नसते. शिवाय रेल्वे कायदा, १९८९ नुसार हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पावसाळी दर्शन हवेच असेल, तर कुळे-कॅसलरॉक मार्गावरील गाडीने प्रवास करावा. लोहमार्ग धबधब्यासमोरूनच जात असल्याने डब्यात बसूनही तो दिसतो. मध्येच उतरू नये, दारात लोंबकळू नये.

जीपने जायचे असल्यास सकाळी लवकर कुळे गाठावे. सुट्टीचे दिवस टाळावेत. नोव्हेंबरमधील भेटीत जीपथांब्यापुढची दगडधोंड्यांची वाट तुडवताना घट्ट पकडीच्या बुटांचे महत्त्व चांगलेच जाणवले. माकडे खाद्यपदार्थ हिसकावतात, म्हणून ते पिशवीत बंद ठेवावेत. डोहात उतरताना जीवरक्षक जॅकेट काढू नये. घाटमाथ्यावर पाऊस झाल्यास खाली आकाश निरभ्र असतानाही पाणी वाढू शकते. ते गढूळ होऊ लागताच तत्काळ काठावर यावे.