तालुक्याचे अक्षर आणि उद्योगाची सवलत

महाराष्ट्रात कारखाना उभारू इच्छिणाऱ्याने जमीन, पाणी व वीज यांच्याबरोबरच आणखी एक गोष्ट आधी पाहून ठेवावी लागते. ती म्हणजे निवडलेल्या तालुक्याला शासनाने दिलेले अक्षर. उद्योगांना प्रोत्साहन देण्यासाठी राज्यातील तालुक्यांची विभागणी 'अ', 'ब', 'क', 'ड' आणि 'ड+' अशा वर्गांत करण्यात आली. मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यातील विकसित भाग 'अ' वर्गात आला. औद्योगिकदृष्ट्या सर्वांत मागे राहिलेले तालुके 'ड+' मध्ये गेले, तर गडचिरोलीसारखे विनाउद्योग जिल्हे व नक्षलग्रस्त भाग त्याहीपलीकडे स्वतंत्रपणे धरले गेले. अक्षर जितके खालचे तितकी सवलत मोठी, असे या रचनेचे साधे सूत्र आहे. ही सवलत हातात केव्हा पडते आणि तिच्या भरवशावर किती कर्ज काढावे, हा हिशेब मात्र इतका साधा नाही, आणि लहान उद्योजकाचे गणित नेमके तेथेच चुकते.

या धोरणाचा उगम १९६४ सालच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत आहे. मुंबईभोवती होणारी कारखान्यांची गर्दी कमी करावी आणि उद्योग राज्याच्या अंतर्भागात न्यावेत, हा तिचा हेतू होता. त्यापूर्वी १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे एमआयडीसीची स्थापना झाली होती. १९६६ मध्ये सिकॉम ही वित्तसंस्था आली. एमआयडीसीने भूखंड द्यायचा, सिकॉमने कर्ज द्यायचे आणि शासनाने करात सूट द्यायची, अशी ती जोडणी होती. पुढे १९७९, १९८३, १९८८, १९९३, २००१, २००७, २०१३ आणि २०१९ या वर्षी योजनेच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. प्रत्येक आवृत्तीची मुदत ठरलेली असते. २०१९ ची योजना १ एप्रिल २०१९ पासून ३१ मार्च २०२४ पर्यंतच्या काळासाठी आखली होती. त्यामुळे 'अमुक सवलत मिळते' असे कोणी सांगितले, तर ती कोणत्या सालच्या योजनेखाली, हा प्रश्न प्रथम विचारावा.

'सामूहिक' हा शब्द येथे सवलतींच्या जुडग्यासाठी आहे. मुद्रांक शुल्कात माफी, वीज शुल्कात माफी, लघुउद्योगांना कर्जाच्या व्याजावर अनुदान, वीजदरात सवलत आणि औद्योगिक विकास अनुदान असे घटक त्यात निरनिराळ्या काळी एकत्र बांधले गेले. 'अ' वर्गातील घटकाला यातील फारच थोडे मिळते.

यात स्थानिक स्वराज्य संस्थांचा वाटा किती, असा प्रश्न स्वाभाविक आहे. जकात अस्तित्वात होती तोवर नव्या कारखान्याने भरलेल्या जकातीचा परतावा हा जुडग्याचा भाग होता. म्हणजे कर नगरपालिकेच्या तिजोरीत जाई आणि सवलतीचा भार योजना उचले. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. महानगरपालिकांतून ती टप्प्याटप्प्याने हटली आणि मुंबईत १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर येईपर्यंत चालू राहिली. त्यानंतर या परताव्याला अर्थच उरला नाही. ग्रामपंचायतींच्या बाबतीत १९५८ च्या कायद्यात वेगळी वाट ठेवली गेली. निरनिराळ्या करांऐवजी कारखान्याकडून ठोक रक्कम घेण्याचा करार करण्याची ती तरतूद होती. कारखानदाराला यात निश्चितता मिळते, पण गावाला मिळणारी रक्कम सरपंचाच्या वाटाघाटीच्या कौशल्यावर ठरते. हजारो चौरस मीटर बांधकाम असलेल्या कंपनीसमोर सातवी शिकलेला सरपंच बसला, तर त्या वाटाघाटी कशा होत असतील याची कल्पना करता येते.

विक्रीकराचा सुवर्णकाळ

या योजनांचा कणा दीर्घकाळ विक्रीकर हाच होता. १९७९ नंतरच्या योजनांत विक्रीकरात पूर्ण माफी किंवा कर लांबणीवर टाकण्याची मुभा, असे दोन प्रमुख मार्ग होते. दुसरा मार्ग समजून घेण्यासारखा आहे. कारखाना ग्राहकाकडून कर वसूल करी, पण तो शासनाकडे भरण्याऐवजी कित्येक वर्षे स्वतःच वापरी आणि मुदत संपल्यावर हप्त्याहप्त्याने फेडी. प्रत्यक्षात हे बिनव्याजी कर्जच होते. चलनवाढीच्या काळात दहा-बारा वर्षांनी फेडायच्या रुपयाची किंमत किती राहणार, हे चतुर कारखानदार जाणून होते. पुढे ही देणी त्यांच्या वर्तमान मूल्याने, म्हणजे बरीच कमी रक्कम भरून, मुदतीपूर्वी चुकती करण्याची सोयही शासनाने केली. त्यातून वाचलेली रक्कम करपात्र उत्पन्न आहे काय, या वादाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बालकृष्ण इंडस्ट्रीजच्या प्रकरणात कंपनीच्या बाजूने दिला.

मात्र प्रत्येक राज्य हेच करू लागले, तेव्हा सर्वांचेच नुकसान होऊ लागले. शेजारचे राज्य दहा वर्षांची माफी देते म्हणून आपण बारा वर्षांची द्यायची, अशी ती चढाओढ होती. नोव्हेंबर १९९९ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत विक्रीकराचे समान किमान दर ठरवण्याचे आणि विक्रीकरावर आधारित नव्या सवलती थांबवण्याचे मान्य झाले. १ जानेवारी २००० पासून तो निर्णय लागू झाला. महाराष्ट्राची २००१ ची योजना त्यामुळे विक्रीकराविना आली आणि साहजिकच फिकी वाटली. २००७ च्या योजनेत हाच मार्ग दुसऱ्या दाराने परतला. कर माफ करायचा नाही, आधी भरून घ्यायचा आणि नंतर त्या प्रमाणात औद्योगिक विकास अनुदान म्हणून परत करायचा. शब्द बदलला आणि रोख रकमेचा प्रवाहही उलटा झाला. पूर्वी पैसा कारखान्याच्या हाती राहत असे. आता तो आधी शासनाकडे जातो.

वस्तू व सेवा करानंतर आणखी एक मेख बसली. हा कर उपभोगाच्या ठिकाणी जमा होतो. म्हणून २०१९ च्या योजनेत हे अनुदान महाराष्ट्रातच झालेल्या पहिल्या विक्रीवरील राज्य वस्तू व सेवा कराशी जोडले गेले. देवरी किंवा कुरखेडा तालुक्यातील कारखान्याची स्वाभाविक बाजारपेठ रायपूर-राजनांदगावकडे असते. तेथे गेलेल्या मालावरील करातून महाराष्ट्राला काही मिळत नाही, तेव्हा परत तरी काय करणार? सर्वाधिक सवलतीचे हकदार ठरलेले सीमेवरचे तालुके व्यवहारात तिला असे मुकू शकतात. अक्षर ठरवताना नकाशा पाहिला गेला. बाजारपेठ पाहायची राहून गेली.

एक कोटी वीस लाखांची किंमत

समजा, एका लघुउद्योजकाने दोन कोटी रुपयांची स्थिर भांडवली गुंतवणूक केली आणि तिच्या ६० टक्के, म्हणजे एक कोटी २० लाख रुपये, दहा वर्षांत मिळण्यास तो पात्र ठरला. दरसाल बारा लाख. बँकेचे व्याज १२ टक्के धरले आणि प्रत्येक हप्ता वर्षअखेर वेळेवर आला, तरी या एक कोटी २० लाखांची आजची किंमत सुमारे ६८ लाख रुपये होते. प्रत्येक हप्ता दोन वर्षे रखडला तर ती ५४ लाखांवर येते. शिवाय हे सर्व तितका कर खरोखर भरला गेला तर. पहिली तीन वर्षे तोट्यात किंवा अर्ध्या क्षमतेवर चाललेल्या कारखान्याचा करभरणा थोडा, म्हणून परतावाही थोडा.

हप्ते रखडतात याचे कारण मुख्यतः अर्थसंकल्पात आहे. मंजूर झालेला दावाही त्या वर्षीच्या तरतुदीतूनच भागवावा लागतो, आणि तरतूद अपुरी पडली की दावे पुढच्या वर्षात ढकलले जातात. अशा थकबाकीबद्दल उद्योजक संघटनांनी वेळोवेळी तक्रारी केल्या आहेत. मोठी कंपनी ही रक्कम ताळेबंदात येणे म्हणून दाखवून थांबू शकते. ज्याने याच अनुदानाच्या भरवशावर खेळत्या भांडवलाची सोय केली, त्याचा कारखाना मात्र अनुदान पोहोचण्यापूर्वीच बँकेच्या ताब्यात जाऊ शकतो. म्हणून प्रकल्प अहवाल करताना अनुदान शून्य धरावे आणि तरीही प्रकल्प तरतो काय ते पाहावे, हा अनुभवी सनदी लेखापालांचा सल्ला ऐकावा असाच आहे.

पात्रता प्रमाणपत्रासाठीही मुदती असतात. जमिनीचा ताबा, नोंदणी, निधीची व्यवस्था आणि गुंतवणुकीचा काही भाग प्रत्यक्ष खर्च होणे, अशी 'प्रभावी पावले' योजनेच्या कालावधीत उचललेली असावी लागतात. ताबापावतीवरील तारीख चुकली तर पुढचे सर्व कागद निरर्थक ठरतात.

स्थलांतर की नवा उद्योग?

विस्तार करणाऱ्या जुन्या कारखान्यालाही सवलत मिळते, पण त्यासाठी गुंतवणुकीत साधारणपणे किमान २५ टक्के वाढ दाखवावी लागते. स्थलांतराची गोष्ट निराळी. जुनी यंत्रे उचलून दुसऱ्या गावी मांडली, म्हणून कोणतेही शासन सहसा पैसे देत नाही. केंद्राने जानेवारी २००३ मध्ये हिमाचल प्रदेश व उत्तरांचलसाठी जाहीर केलेल्या पॅकेजमध्ये उत्पादन शुल्काची दहा वर्षे पूर्ण माफी होती. पहिली पाच वर्षे प्राप्तिकरही पूर्ण माफ होता. त्या प्राप्तिकर सवलतीच्या कलमातच आधी वापरलेली यंत्रसामग्री एकूण किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक नसावी, असे बंधन होते.

पण कायद्याने यंत्र हलवायला मनाई केली तरी उत्पादन हलतेच. या पॅकेजनंतर बद्दीत औषध कंपन्यांची रीघ लागली. बजाज ऑटोने उत्तराखंडात पंतनगर येथे नवा कारखाना २००७ मध्ये सुरू केला आणि त्याच वर्षी पुण्याच्या आकुर्डीतील वाहन उत्पादन थांबवले. एक नट-बोल्टही हलला नसेल, तरी आकुर्डीच्या कामगाराच्या दृष्टीने ते स्थलांतरच होते. त्या पट्ट्यातील सुट्या भागांच्या पुरवठादारांना तर कोणत्याच पॅकेजमध्ये स्थान नव्हते. २०१७ मध्ये उत्पादन शुल्कच संपुष्टात आल्यावर केंद्राने पात्र कारखान्यांना उरलेल्या काळासाठी केंद्रीय वस्तू व सेवा कराच्या ५८ टक्के रक्कम परत देण्याची व्यवस्था केली. दिलेली सवलत अशी कर बदलला तरी वर्षानुवर्षे मागे लागते.

राज्याराज्यांतील चढाओढही थांबली नाही. टाटा मोटर्सने ऑक्टोबर २००८ मध्ये सिंगूर सोडले, तेव्हा गुजरातने साणंद येथे जमिनीबरोबरच ९,५७० कोटी रुपयांपर्यंतचे कर्ज अवघ्या ०.१ टक्का व्याजाने देऊ केले. २०२२ मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला म्हणून महाराष्ट्रात मोठा राजकीय गदारोळ झाला. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननेच त्यातून अंग काढून घेतले, तेव्हा तेवढा आवाज झाला नाही.

सवलतीच्या बदल्यात समाजाला काय मिळते, याचे उत्तर रोजगाराच्या अटीत शोधले जाते. महाराष्ट्रात एकूण नोकऱ्यांत ८० टक्के आणि पर्यवेक्षकीय पदांवर ५० टक्के स्थानिक असावेत, असा दंडक आहे. मात्र 'स्थानिक' म्हणजे महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य असलेली व्यक्ती. या व्याख्येनुसार गडचिरोलीच्या कारखान्यात मुंबईचा रहिवासीही स्थानिकच ठरतो. ज्या तालुक्याच्या मागासलेपणामुळे सवलत मिळाली, त्या तालुक्यातील तरुणाला या अटीचे संरक्षण नाही.

अनुदानावर प्राप्तिकर लागतो काय, हा प्रश्न उद्योजक बहुधा उशिरा विचारतात. उद्योग उभारणीला चालना देणे हा अनुदानाचा हेतू असेल तर ती भांडवली जमा, असे तत्त्व न्यायालयांनी मांडले. महाराष्ट्रातील मल्टिप्लेक्सना दिलेल्या करमणूक शुल्काच्या सवलतीबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये चाफळकर ब्रदर्स प्रकरणात हेच म्हटले. तथापि २०१५ च्या वित्त कायद्याने उत्पन्नाची व्याख्याच रुंदावली आणि बहुतेक शासकीय अनुदाने तिच्यात आणली. त्यामुळे वरच्या उदाहरणातील ५४ किंवा ६८ लाखांतूनही कर वजा करून पाहावा लागेल.

आणि शासनाने शब्द फिरवला तर? उत्तर प्रदेश शासन नव्या कारखान्यांना तीन वर्षे विक्रीकर माफ करणार, अशी बातमी ऑक्टोबर १९६८ मध्ये वृत्तपत्रात आली. ती पाहून मोतीलाल पदमपत शुगर मिल्सने लेखी विचारणा केली, शासनाचे आश्वासन मिळवले आणि वनस्पती तुपाचा कारखाना उभारला. नंतर शासनाने सवलत काढून घेतली. आश्वासनावर विसंबून ज्याने पैसा घातला त्याच्याबाबतीत शासनाला मागे फिरता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७८ मध्ये दिला. १९९४ च्या कासिंका ट्रेडिंग प्रकरणात मात्र सार्वजनिक हितासाठी सवलत मुदतीपूर्वी मागे घेता येते, असेही ठरले. झारखंडने औद्योगिक धोरणात वीज शुल्कात ५० टक्के सूट जाहीर केली, पण अधिसूचना काढायला २०१५ साल उजाडले. त्याबद्दल १ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्याला फटकारले आणि ब्रह्मपुत्र मेटॅलिक्स या कारखान्याच्या बाजूने निकाल दिला. धोरण २०१२ चे होते. सुटीचा हक्क शाबीत व्हायला आठ वर्षे लागली.