दत्तावसर कवी

काव्यनिर्मितीचा विचार करताना आपल्या साहित्यशास्त्राने प्रतिभेला अग्रपूजेचा मान दिला. व्युत्पत्ती आणि अभ्यास यांची गणना तिच्यामागून होते. परंतु आरंभिलेले काव्य पुरे कसे होते, हा प्रश्न शास्त्रकारांनी क्वचितच विचारला. त्याला एक लक्षणीय अपवाद म्हणजे राजशेखर. इ. स. ९०० च्या सुमारास कनोजच्या प्रतीहार राजांच्या आश्रयास असलेल्या या महाराष्ट्रीय कुळातील पंडिताने 'काव्यमीमांसे'च्या दहाव्या अध्यायात कवीच्या दिनचर्येची सविस्तर चर्चा केली आहे.

त्याचा कवी दिवसाचे चार प्रहर वाटून घेतो. पहिल्यात विद्यांचे परिशीलन, दुसऱ्यात काव्यरचना, भोजनोत्तर तिसऱ्यात काव्यगोष्ठी आणि चौथ्यात सकाळच्या रचनेचे परीक्षण. रसाच्या आवेशात लिहिणाऱ्याची विवेकदृष्टी जागी नसते, म्हणून हे परीक्षण अवश्य, असे तो सांगतो. सिद्ध झालेल्या ग्रंथाच्या अनेक प्रती कराव्यात, असाही त्याचा उपदेश आहे. आणि 'मागाहून पुरे करीन, मागाहून संस्कार करीन' असे म्हणत राहणे हे ग्रंथनाशाचे एक कारण म्हणून तो नोंदवितो. हे शब्द लिहिणाऱ्याने अनेक अर्धवट पोथ्या पाहिल्या असल्या पाहिजेत. खुद्द 'काव्यमीमांसा' अठरा अधिकरणांची योजिलेली होती. आज उपलब्ध आहे ते केवळ पहिले.

तथापि या दिनचर्येला स्वच्छ घर, उपवन आणि परिचारक लागतात. ज्याच्यापाशी ते नाहीत त्याने काय करावे? राजशेखराने त्याचाही विचार केला आहे. कवींचे काळानुसार चार प्रकार करताना त्याने 'दत्तावसर' असा एक प्रकार सांगितला. सेवादी कर्तव्यांना बाध न आणता, त्यांतून उरलेल्या वेळात जो रचना करतो तो दत्तावसर. पहाटेची घटका, भोजनानंतरचा निवांतपणा, पालखीतील प्रवास, एवढाच त्याचा काळ. त्याच अध्यायात, पुरुषांप्रमाणे स्त्रियाही कवी होऊ शकतात, कारण संस्कार आत्म्याशी निगडित असतो, असे त्याने निःशंकपणे म्हटले आहे. आपली पत्नी अवंतिसुंदरी हिची मतेही तो ग्रंथात आदराने उद्धृत करतो. मात्र घरकामात गढलेली स्त्री दत्तावसर कवी असू शकेल, अशी सांगड त्याने घातलेली नाही. ती घालण्याचा प्रसंग मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आला.

रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली निवर्तले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांपाशी थांबले होते. ते पुढे नेले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीकडून. संसार ओढगस्तीचा, पती हाती येईल ते देऊन टाकणारा, घरात अनाथ मुलांचा सांभाळ. वैधव्यानंतर वसतिगृहाची देखरेख आणि पुढे मुलाच्या कुटुंबासमवेत कराचीचे वास्तव्य. राजशेखराच्या कवीला मिळणारे चार प्रहर या आयुष्यात कोठून यावेत? तरीही लक्ष्मीबाईंनी आणखी चौसष्ट अध्याय रचले. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. 'ख्रिस्तायन' प्रसिद्ध झाले १९३८ साली. छापलेले पुस्तक हाती घेण्याचे समाधान त्यांना लाभले नाही.

या घटनेचा निर्देश आपण बहुधा पत्नीनिष्ठेचे उदाहरण म्हणून करतो. निष्ठा होतीच, पण केवळ निष्ठेने चौसष्ट अध्याय होत नाहीत. त्यासाठी काल जेथे थांबलो ते स्थान आज नेमके सापडावे लागते आणि कामाच्या खोळंब्यानंतर पुन्हा त्याच ओवीपाशी येऊन बसावे लागते. रोज मोडणारी आणि रोज नव्याने मांडावी लागणारी कामे करण्याचे वळण गृहिणीला असते. या वळणालाच साहित्यशास्त्राच्या परिभाषेत अभ्यास म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

काव्यगुणांच्या दृष्टीने 'ख्रिस्तायना'चे स्थान काय, याविषयी मतभेद संभवतो. लक्ष्मीबाईंची कीर्ती त्यावर उभी नाही. ती उभी आहे 'स्मृतिचित्रां'वर. परंतु तेही पुस्तक जन्मले ते पतीच्या चरित्राच्या निमित्ताने आणि मुलाच्या आग्रहाने. १९३४ पासून ते भागशः प्रसिद्ध होत गेले आणि अखेरचा भाग लेखिकेच्या पश्चात वाचकांपुढे आला. दुसऱ्याचे अपुरे काम पुरे करणाऱ्या या लेखिकेला स्वतःच्या पुस्तकाच्या समाप्तीसाठी मात्र आयुष्य पुरले नाही.

आपली समीक्षा प्रेरणेचा उगम शोधण्यात जितकी रमते तितकी समाप्तीच्या इतिहासात रमत नाही. कोणत्या घरात, कोणाच्या कष्टाच्या आधारे, दिवसाच्या कोणत्या उरल्यासुरल्या घटकेत ग्रंथ पुरा झाला, हे प्रश्न तिला चरित्रकाराचे वाटतात. राजशेखराला ते काव्यशास्त्राचे वाटले होते. ते पुन्हा तेथे आणले, तर आपल्या सर्व भारतीय भाषांच्या इतिहासांत आजवर तळटिपांत राहिलेल्या कित्येक दत्तावसर कवींची नावे मुख्य मजकुरात घ्यावी लागतील.