पट्टी, जोड आणि खुराक

मल्लांच्या कारकिर्दीवरील जे माहितीपट हल्ली घरोघरी आवडीने पाहिले जातात, त्यांचा नायक अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीतला असो वा कोल्हापूरच्या तांबड्या मातीतला, त्यांत नायकाचे दरिद्री बाल्य, त्याचा उत्कर्ष, त्याचा हाडवैरी, पराभव आणि पुनरागमन हे सारे साग्रसंगीत दाखविलेले असते. परंतु त्याच्या दुधा-तुपाचे आणि बदामाचे पैसे कोण भरीत होते, आणि अमक्याच माणसापुढे त्याला उभा करण्याचे कोणी ठरविले, याविषयी सहसा चकार शब्द निघत नाही. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या टापूतील कुस्तीचा पूर्वेतिहास पाहू गेल्यास तो मात्र बहुतांशी या दोन प्रश्नांचाच इतिहास आहे.

हवेली आणि खेड या तालुक्यांतील ही गावे जेव्हा ज्वारी-बाजरीवर आणि कांद्यावर गुजराण करीत होती, तेव्हा ग्रामदैवताच्या यात्रेत पालखी-छबिन्याइतकेच महत्त्व कुस्त्यांच्या आखाड्यास असे. घरटी पट्टी बसवून इनामाची रक्कम उभी केली जाई. ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून माती मळली जाई. आणि हलगी कडाडू लागली की प्रथम रेवड्यांवर पोरासोरांच्या, मग नारळावर, मग रोख रुपयांवर, अशा चढत्या भाजणीने कुस्त्या लागत लागत अखेरीस मानाची कुस्ती येई. या साऱ्यात खरे कौशल्य पंचांचे. दोन पोरांना शेजारी उभे करून, त्यांचे खांदे, मान आणि मांड्या नजरेने तोलून, कोणाच्या चुलत्याची हरकत ऐकून घेऊन तर कोणाची धुडकावून, ते जोड लावीत. घड्याळाची मुदत बहुधा नसे. पाठ मातीला लागली तर कुस्ती निकाली, आणि दिवेलागणीपर्यंत न लागली तर बरोबरीत सोडवून ‘पुढच्या यात्रेला पुन्हा धरू’ असा वायदा होई. मल्लामल्लांचे वैर म्हणून जे पुढे कथेत शिरते, ते पुष्कळदा अशा वायद्यातून जन्मास आलेले असे, आणि ते दोघा मल्लांपेक्षा दोन गावांचेच अधिक असे.

मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग यांच्या फ्रीस्टाइल कुस्त्यांना लोटणारी गर्दी पाहून जुने वस्ताद नाके मुरडीत, कारण ते वैर तिकिटांसाठी जोपासलेले आहे असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप खोटा नव्हता. मात्र यात्रेतील पंच आणि मुंबईचा कंत्राटदार यांच्यात वस्ताद मानीत तेवढे अंतर होते, असे मला वाटत नाही. बघ्यांच्या मनात काय धुमसते आहे हे ओळखून जोड लावणे हा दोघांचाही धंदा. निकाल आधी ठरविणे एवढे पाप मात्र पंचाने सहसा केले नाही.

मग कारखाने आले. 1954 मध्ये पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात येऊन भूसंपादनाच्या नोटिसा निघू लागल्या. 1970 मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली, आणि 1982 मध्ये तिची महानगरपालिका. शेत गेले की गोठा जातो, गोठा गेला की दूध जाते, आणि दुधापाठोपाठ तालीमही ओस पडते, असे कोणीही अनुमान केले असते. भोसरीने ते खोटे पाडले. जमिनीचा मोबदला, परगावच्या कामगारांना दिलेल्या खोल्यांचे भाडे, कंत्राटे आणि पुढे राजकारण, यांनी पट्टीची जागा घेतली, आणि खुराक पूर्वीपेक्षा सढळ झाला. ज्या गावाचे आमदार महेश लांडगे यांना लोक आजही पैलवान म्हणूनच ओळखतात, त्या गावात महापालिकेने कुस्तीसाठी स्वतंत्र संकुल बांधावे आणि 2013 ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा भोसरीतच भरून नरसिंग यादव यांनी सलग तिसरी गदा तेथेच उचलावी, यात आश्चर्य ते कसले!

विद्या मात्र पैशाने येत नाही, ती परंपरेने यावी लागते. लातूरकडचे हरिश्चंद्र बिराजदार, ज्यांनी 1977 मध्ये बेळगावात दिल्लीच्या सतपालला अस्मान दाखविले आणि ज्यांच्या त्या कुस्तीचे वर्णन म्हातारे अद्याप डोळे मिटून करतात, ते पुढे पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीचे वस्ताद झाले. त्यांचे शिष्य काका पवार यांनी कात्रजला कुस्ती संकुल काढले. आणि चाकणच्या पुढे राजगुरुनगरजवळील राक्षेवाडीचा शिवराज राक्षे तेथेच घडला.

जानेवारी 2023 मध्ये कोथरूडला महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीत शिवराजने महेंद्र गायकवाडला अवघ्या मिनिटभरात चीत करून गदा आणि इनामाची मोटार घेतली. हरलेला मल्लही त्याच संकुलातला. माहितीपटाला लागते तसले वैर येथे औषधालाही सापडत नाही. चर्चा झाली ती वेगळ्याच लढतीची: गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्या कुस्तीतील ‘बाहेरील टांग’ या डावाला दिलेल्या चार गुणांची, आणि ती चित्रफीत संथ गतीने पाहून जो तो पंच झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला सिकंदरने शिवराजला क्षणार्धात पाडले, तेव्हा तंट्याला जागाच उरली नाही.

ती उरली फेब्रुवारी 2025 मध्ये, अहिल्यानगरला. गादी विभागाच्या अखेरच्या कुस्तीत पृथ्वीराज मोहोळने शिवराजला चीत केल्याचा निर्णय पंचांनी दिला; दोन्ही खांदे टेकलेच नाहीत असा शिवराजचा दावा होता, आणि संतापाच्या भरात त्याने पंचांना लाथ मारली. कुस्ती संघटनेने त्याला तीन वर्षांसाठी निलंबित केले. पंचावर हात-पाय उगारणाऱ्याला शासन व्हावे, हे कोणताही वस्ताद मान्य करील. परंतु खांदा टेकला की नाही हा वाद चित्रफीत थांबवून, पुढे-मागे सरकवून सुटत नाही, हे एव्हाना पुरते सिद्ध झाले आहे. आणि असा वाद सोडविण्याचा जो एकच जुना उपाय या मुलखाला ठाऊक होता, की त्याच दोघांची जोड पुढच्या यात्रेला पुन्हा धरावी, त्याला निलंबनाच्या हुकुमात कोठे कलम नव्हते.