हर्क्युलिस : लिपीच्या अडचणीतून जन्मलेले ग्राफिक्स कार्ड

प्रयोगशाळेत टर्बो सी वापरून तुम्ही रेषा आणि वर्तुळे काढली असतील, तर 'ग्राफिक्स.एच' ही हेडर फाइल तुमच्या ओळखीची असेल. ती एकदा उघडून वाचा. त्यात ग्राफिक्स ड्रायव्हरांची यादी आहे. सीजीए, ईजीए, व्हीजीए ही आयबीएमची नावे तुम्ही ऐकलेली असतात. पण ७ या क्रमांकापुढे 'हर्कमोनो' असे नाव दिसते. हे नाव कॅलिफोर्नियातील हर्क्युलिस कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी या एका लहान कंपनीच्या कार्डाचे. आयबीएमच्या मानकांच्या रांगेत या कंपनीला जागा कशी मिळाली आणि पुढे तिचे काय झाले, ते या टिपणात पाहू.

१. दोन कार्डे, दोन्ही अपुरी

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. पडद्यासाठी ग्राहकाला दोन पर्याय होते.

पहिला, मोनोक्रोम कार्ड, म्हणजे एमडीए. त्यावर ८० स्तंभ आणि २५ ओळींचा मजकूर दिसे. प्रत्येक अक्षराला ९ × १४ ठिपक्यांची चौकट मिळत असल्यामुळे अक्षरे रेखीव दिसत. मात्र या कार्डावर चित्र काढता येत नसे. स्मृती फक्त ४ किलोबाइट होती. तीत प्रत्येक अक्षराचा एक बाइट संकेत आणि एक बाइट गुणधर्म एवढेच साठवले जाई. अक्षरांचे आकार रॉममध्ये कायमचे कोरलेले होते आणि त्यांची संख्या होती २५६.

दुसरा, रंगीत कार्ड, म्हणजे सीजीए. यावर चित्र काढता येई, पण ३२० × २०० ठिपक्यांत चार रंग किंवा ६४० × २०० ठिपक्यांत दोन रंग एवढीच त्याची मजल. अक्षराची चौकट ८ × ८ ची. दिवसभर मजकूर वाचणाऱ्याचे डोळे त्यावर थकत.

थोडक्यात, चांगला मजकूर आणि चित्र दोन्ही हवे असेल तर दोन कार्डे आणि दोन पडदे घ्यावे लागत.

२. थाई लिपीचा प्रश्न

हर्क्युलिसची स्थापना १९८२ मध्ये व्हॅन सुवन्नुकुल आणि केव्हिन जेन्किन्स यांनी केली. सुवन्नुकुल यांना आपला प्रबंध थाई लिपीत लिहायचा होता आणि त्या गरजेतून हे कार्ड तयार झाले, असे सांगितले जाते.

गरज नेमकी कोणती होती, ते समजून घ्या. थाई लिपीत व्यंजनाच्या वर स्वरचिन्ह येते, त्याच्याही वर सूरचिन्ह येऊ शकते आणि काही स्वर व्यंजनाच्या खाली लागतात. एमडीएच्या रॉममध्ये हे आकार नव्हतेच. सीजीएवर ते ठिपक्यांनी काढता आले असते, पण २०० ओळींच्या पडद्यावर एवढे मजले उभे केले तर वाचण्याजोगे काही उरत नाही.

यावर एक सोपा उपाय होता: थाई आकार असलेली वेगळी रॉम बसवायची. तसे केले असते तर ते कार्ड थाई लिहिणाऱ्यांपुरतेच राहिले असते. हर्क्युलिसच्या कार्डाने याहून व्यापक उत्तर दिले. एमडीएच्या उत्तम पडद्यावरचा प्रत्येक ठिपका प्रोग्रामच्या ताब्यात दिला. मग त्या ठिपक्यांतून थाई अक्षर काढा, आलेख काढा नाहीतर इमारतीचा आराखडा.

३. ७२० × ३४८ हा आकडा कुठून आला?

मजकुरात ८० × ९ म्हणजे आडवे ७२० ठिपके आणि २५ × १४ म्हणजे उभ्या ३५० ओळी होतात. मग हर्क्युलिसच्या ग्राफिक्समध्ये ३४८ ओळीच का?

कार्डावर मोटोरोलाचा ६८४५ हा नियंत्रक होता. तो मुळात मजकुराच्या पडद्यासाठी बनवलेला असल्यामुळे अक्षरांच्या ओळी मोजतो आणि १२८ च्या पुढे मोजू शकत नाही. म्हणून चार ठिपके उंचीची एक 'ओळ' मानून त्याच्याकडून चित्राचे काम करून घेतले. ८७ × ४ = ३४८. ३५० ला चारने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे दोन ओळी सोडून द्याव्या लागल्या.

आता स्मृतीचा हिशेब करा. ७२० × ३४८ = २,५०,५६० ठिपके. प्रत्येकाला एक बिट धरला, तर ३१,३२० बाइट. हे ३२ किलोबाइटच्या एका पानात बसते. कार्डावर ६४ किलोबाइट, म्हणजे अशी दोन पाने होती.

४. मानक कसे झाले?

या कार्डाने जुने काही मोडले नाही. मजकुरासाठी ते एमडीएसारखेच वागे, पडदाही तोच चाले, प्रिंटरची जोडणीसुद्धा तशीच होती. मात्र आयबीएमच्या बायोसला त्याच्या ग्राफिक्सची काहीच माहिती नव्हती. त्यामुळे प्रत्येक प्रोग्रामला स्वतःचा ड्रायव्हर बाळगावा लागे. नव्या कंपनीसाठी एवढा कष्ट कोण घेणार?

तो कष्ट लोटस १-२-३ ने घेतला. जानेवारी १९८३ मध्ये आलेल्या या स्प्रेडशीटने हर्क्युलिसला साथ दिली. हिशेबाचे आकडे आणि त्यांचा आलेख एकाच रेखीव पडद्यावर दिसू लागले. कार्यालयांनी कार्ड घेतले, म्हणून इतर सॉफ्टवेअर कंपन्यांनी ड्रायव्हर लिहिले, आणि ड्रायव्हर आहेत म्हणून आणखी कार्डे विकली गेली. कोणत्याही समितीने ठराव न करता हे मानक रूढ झाले.

५. मानक टिकले, कंपनी गेली

कार्डातील भाग बाजारात सहज मिळणारे होते. त्यामुळे तैवानमध्ये त्याच्या स्वस्त नकला मोठ्या प्रमाणावर बनू लागल्या. 'हर्क्युलिस कम्पॅटिबल' हा शब्द रुळला, पण प्रत्येक नकलेमागे मूळ कंपनीचा एक ग्राहक कमी होत होता.

कंपनी स्वस्थ बसली नाही. १९८६ च्या 'प्लस' कार्डात अक्षरांचे आकार रॉमऐवजी रॅममध्ये ठेवण्याची सोय होती. त्यामुळे ३,०७२ आकार प्रोग्रामला हवे तसे घडवता येत. १९८७ मध्ये १६ रंगांचे 'इनकलर' कार्ड आले. पण त्याच वर्षी आयबीएमचे ६४० × ४८० ठिपक्यांचे व्हीजीए आले आणि सॉफ्टवेअर लिहिणारे तिकडे वळले.

पुढे विंडोजच्या काळात हर्क्युलिस त्सेंग लॅब्ज, एस३ यांसारख्या कंपन्यांच्या चिप घेऊन कार्डे बनवत राहिली. चिप दुसऱ्याची असली की आपले वेगळेपण थोडेच उरते. १९९९ मध्ये फ्रान्सच्या गिलेमो कंपनीने हर्क्युलिस विकत घेतली आणि २००४ मध्ये या नावाची ग्राफिक्स कार्डे बनणे थांबले. आज ते नाव डीजेंच्या उपकरणांवर दिसते.

६. दिसणे आणि साठणे

हा इतिहास भारतीय भाषांत शिकणाऱ्यांनी का वाचावा? थाई आणि देवनागरी दोन्ही ब्राह्मी कुळातील लिप्या आहेत, म्हणून अडचणही सारखीच. एमडीएच्या चौकटीत नववा स्तंभ बहुतेक अक्षरांसाठी कोरा राही. तिथे देवनागरी बसवली असती, तर शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटली असती.

ठिपके हाती आल्यावर अक्षर पडद्यावर दिसू लागले. पण ठिपक्यांचे अक्षर हे यंत्राच्या लेखी चित्रच असते. त्यात शब्द शोधता येत नाही, नावांची अकारविल्हे यादी लावता येत नाही. त्यासाठी अक्षराला संकेत लागतो. भारतात या बाजूचे काम आधी कानपूरच्या आयआयटीत आणि नंतर १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये झाले. त्यांचे 'जिस्ट' कार्ड पीसीत बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्राममध्येही भारतीय लिपीत मजकूर भरता येई. १९९१ मध्ये 'इस्की' हा भारतीय लिप्यांचा सामाईक संकेत राष्ट्रीय मानक झाला. युनिकोडमधील आपल्या लिप्यांची मांडणी त्याच्याच आधीच्या आवृत्तीवर आधारलेली आहे.

लिपीला यंत्रात या दोन्ही गोष्टी लागतात. आकार दाखवण्याची सोय हर्क्युलिससारख्या कार्डांनी केली. आकारामागचा संकेत ठरवण्याचे काम त्या त्या भाषेच्या माणसांनाच करावे लागले. तुमच्या भाषेसाठी एखादे साधन बनवाल, तेव्हा ते या दोहोंपैकी कोणता प्रश्न सोडवते, हे आधी पाहा.

सरावासाठी :
(अ) चार ठिपक्यांची 'ओळ' न वापरता ६८४५ ला उभ्या जास्तीत जास्त किती ओळी दाखवता आल्या असत्या?
(आ) आयबीएमच्या बायोसने हर्क्युलिसला सुरुवातीपासून साथ दिली असती, तर नकला करणे सोपे झाले असते की अवघड? कारणे द्या.