तिसरा पक्ष आणि मतदानपद्धती

तिसरा पक्ष आणि मतदानपद्धती : दोन प्रस्थापित पक्षांबाहेरच्या पक्षाला मिळालेली मते आणि त्या मतांतून पदरात पडणाऱ्या जागा यांचे प्रमाण मुख्यतः निवडणुकीच्या नियमांवर अवलंबून असते. मतदारांचा कौल तोच राहिला, तरी मोजणीचा नियम बदलल्यास एखादा पक्ष सभागृहाबाहेर राहतो किंवा सरकारात बसतो. न्यूझीलंडने हा नियम मुळापासून बदलला. त्यामुळे एकाच देशात दोन्ही पद्धतींचे परिणाम शेजारीशेजारी ठेवून पाहता येतात, आणि म्हणूनच या विषयाच्या अभ्यासात त्या छोट्या देशाला मोठे स्थान आहे.

जुनी पद्धत. १९९३ पर्यंत न्यूझीलंडमध्ये ब्रिटिश वळणाची पद्धत होती : एका मतदारसंघातून एक प्रतिनिधी, आणि सर्वांत जास्त मते मिळवणारा विजयी, मग ती निम्म्याहून कमी का असेनात. नॅशनल आणि लेबर या दोन पक्षांभोवतीच राजकारण फिरे. १९७८ मध्ये सोशल क्रेडिट या तिसऱ्या पक्षाला १६ टक्के मते आणि ९२ पैकी एक जागा मिळाली. १९८१ मध्ये मते २० टक्क्यांच्या वर गेली, जागा मात्र दोन. या दोन्ही निवडणुकांत देशभरातील मते लेबरला थोडी जास्त होती, पण सत्ता नॅशनलकडेच राहिली. १९८४ मध्ये नव्याने निघालेल्या न्यूझीलंड पार्टीला १२ टक्क्यांहून अधिक मते पडली आणि एकही जागा मिळाली नाही. पाच मतदारांमागे एकाचे मत जवळजवळ निष्फळ ठरत असेल, तर दोष पक्षाच्या दुबळेपणाचा नव्हे, नियमाचा आहे.

फ्रेंच राज्यशास्त्रज्ञ मॉरिस द्यूव्हर्जे यांनी १९५१ मध्ये यामागची दुहेरी क्रिया मांडली. पहिली क्रिया मोजणीतली : विखुरलेली मते कुठेच पहिल्या क्रमांकावर पोहोचत नाहीत. दुसरी मतदाराच्या मनातली : आपला उमेदवार येणार नाही हे दिसले की तो नावडत्याला पाडण्यासाठी दुसऱ्या कुणाला मत देतो. तिसऱ्या पक्षाचा उमेदवार मते खायला उभा केला आहे, हा आपल्याकडच्या प्रचारातला नेहमीचा आरोप याच भीतीवर चालतो. ही पद्धत सर्वच लहान पक्षांना सारखी जाचक नसते, हेही लक्षात घेतले पाहिजे. ज्याची मते ठरावीक भागांत एकवटलेली असतात, तो तरतो. ब्रिटनमध्ये २०२४ च्या निवडणुकीत रिफॉर्म यूके पक्षाला १४ टक्के मतांवर ५ जागा मिळाल्या, तर लिबरल डेमोक्रॅट पक्षाला १२ टक्के मतांवर ७२. भारतातील प्रादेशिक पक्ष याच कारणाने बळकट आहेत, आणि २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत ४ टक्क्यांहून अधिक मते मिळवून देशात तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या बहुजन समाज पक्षाला एकही जागा न मिळण्याचे कारण याच्या उलट, म्हणजे मतांचे विखुरलेपण.

बदलाची वाट. १९७८ आणि १९८१ च्या निकालांनी दुखावलेल्या लेबर पक्षाने सत्तेवर आल्यावर न्यायमूर्ती जॉन वॉलेस यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला. आयोगाने डिसेंबर १९८६ मध्ये जर्मनीच्या धर्तीवर मिश्र सदस्य प्रमाणशीर पद्धतीची शिफारस केली. दोन्ही मोठ्या पक्षांतील बहुतेक नेत्यांना ती नको होती, आणि शिफारस फाइलीत पडून राहण्याचीच शक्यता जास्त होती. मात्र १९८७ च्या दूरदर्शनवरील चर्चेत पंतप्रधान डेव्हिड लाँगी यांनी सार्वमत घेण्याचे आश्वासन दिले. टिपण चुकीचे वाचल्यामुळे ते आश्वासन दिले गेले, असे पुढे सांगितले गेले. लेबरने ते पाळले नाही. १९९० मध्ये नॅशनलने तेच आश्वासन उचलले. दरम्यान दोन्ही पक्षांनी आळीपाळीने सत्तेवर येऊन, मतदारांपुढे नीट न मांडलेली कठोर आर्थिक धोरणे राबवली होती. लोकांचा राग या पक्षांवर जितका होता, तितकाच त्यांना अनिर्बंध सत्ता देणाऱ्या नियमावर होता. १९५१ पासून संसद एकसदनी असल्यामुळे सरकारला आवर घालणारे वरिष्ठ सभागृहही उरले नव्हते.

सप्टेंबर १९९२ च्या सल्लादर्शक सार्वमतात जवळपास ८५ टक्के मतदारांनी बदल मागितला. ६ नोव्हेंबर १९९३ च्या बंधनकारक सार्वमतात, उद्योगपती पीटर शर्टक्लिफ यांच्या पुढाकाराने चाललेल्या जोरदार विरोधी प्रचारानंतरही, सुमारे ५४ टक्के मते नव्या पद्धतीच्या बाजूने पडली. ज्यांचा फायदा जुन्या नियमात होता, त्यांच्याच हातून लोकांनी तो नियम बदलून घेतला. लोकशाहीच्या इतिहासात अशी उदाहरणे विरळ आहेत. त्याच दिवशी जुन्या पद्धतीने झालेल्या शेवटच्या निवडणुकीत अलायन्स पक्षाला १८ टक्के मतांवर ९९ पैकी दोनच जागा मिळाल्या.

नवी पद्धत. मतदाराला दोन मते असतात, एक पक्षाला आणि एक आपल्या मतदारसंघातील उमेदवाराला. १२० सदस्यांच्या संसदेत कोणत्या पक्षाच्या एकूण किती जागा, हे पक्षमतांवरून ठरते. पक्षाला १० टक्के मते असतील तर त्याच्या वाट्याला साधारण १२ जागा येतात. त्यांतल्या चार त्याने मतदारसंघांत जिंकल्या असतील, तर उरलेल्या आठ त्याच्या यादीतून भरल्या जातात. १९९६ च्या पहिल्याच निवडणुकीत विन्स्टन पीटर्स यांच्या न्यूझीलंड फर्स्टला १३ टक्के मतांवर १७ जागा मिळाल्या आणि अलायन्सला १३. माओरी आणि महिला सदस्यांची संख्या वाढली. नॅशनलच्या यादीतून आलेल्या पॅन्सी वाँग या तिथल्या पहिल्या आशियाई वंशाच्या खासदार ठरल्या.

सर्वांत गंभीर आक्षेप बहुमताचा तोल ठरवणाऱ्या छोट्या पक्षाच्या ताकदीबद्दल आहे. १९९६ मध्ये सरकार बनायला सुमारे दोन महिने लागले, आणि पीटर्स उपपंतप्रधान झाले. २०१७ मध्ये ४४ टक्के मतांचा नॅशनल सर्वांत मोठा पक्ष असूनही ७ टक्के मतांच्या न्यूझीलंड फर्स्टने लेबरला सत्तेवर बसवले. हा आक्षेप खरा आहे. पण ३९ टक्के मतांवर एकट्या पक्षाने निरंकुश राज्य करणे त्याहून न्याय्य कसे, याचे उत्तर जुन्या पद्धतीच्या समर्थकांना देता आलेले नाही. २०११ मध्ये पुन्हा सार्वमत झाले तेव्हा सुमारे ५८ टक्के मतदारांनी नवी पद्धत राखली. २०२० मध्ये लेबरने ६५ जागा जिंकून स्वबळावर बहुमतही मिळवले. म्हणजे जनतेने खरोखर एका पक्षाला निवडले, तर ही पद्धत आडवी येत नाही.

उंबरठा. यादीतून जागा मिळण्यासाठी पक्षाला ५ टक्के पक्षमते किंवा किमान एक मतदारसंघ जिंकावा लागतो. वॉलेस आयोगाने सुचवलेली मर्यादा ४ टक्क्यांची होती. १९९९ मध्ये न्यूझीलंड फर्स्टची मते ५ टक्क्यांखाली घसरली, पण पीटर्स यांनी टौरांगा मतदारसंघ अवघ्या ६३ मतांनी राखला आणि पक्षाला पाच जागा मिळाल्या. २००८ मध्ये टौरांगा त्यांच्या हाती नव्हते, ४.०७ टक्के मते मिळूनही पक्ष संसदेबाहेर गेला. त्याच निवडणुकीत अॅक्ट पक्ष ३.६५ टक्के मतांवर, केवळ एप्सम मतदारसंघ जिंकल्यामुळे, पाच सदस्य घेऊन आत आला. कमी मतांना पाच जागा आणि जास्त मतांना शून्य, हा सरळ अन्याय आहे. निवडणूक आयोगाने २०१२ मध्ये मर्यादा ४ टक्क्यांवर आणण्याची आणि एका मतदारसंघाची सवलत रद्द करण्याची शिफारस केली. २०२३ मधील स्वतंत्र आढाव्याने ३.५ टक्के सुचवले.

मुंबई इलाखा आणि भारत. मोजणीचा वेगळा नियम महाराष्ट्राला अगदीच अपरिचित नाही. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई इलाख्यातील बहुसदस्य मतदारसंघांत मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराला देता येत. अल्पसंख्य पण एकजूट असलेल्या मतदारांना या एकत्रित मतदानाचा आधार होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने त्या निवडणुकीत लढवलेल्या बहुतेक जागा जिंकल्या. स्वातंत्र्यानंतरच्या द्विसदस्य मतदारसंघांत एका उमेदवाराला एकापेक्षा जास्त मते देण्यास कायद्याने मनाई झाली, आणि १९५२ मध्ये मुंबई उत्तर या अशाच मतदारसंघात आंबेडकर पराभूत झाले. प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची मागणी जानेवारी १९४९ मध्ये संविधान सभेत आली, तेव्हा मतदारांची निरक्षरता आणि सरकारच्या स्थैर्याची गरज या दोन कारणांनी आंबेडकरांनीच तिला विरोध केला होता. पहिले कारण त्या काळाचे होते. दुसऱ्याची पुन्हा तपासणी करण्यास न्यूझीलंडचा अनुभव पुरेसा आधार देतो. राज्यसभा, विधान परिषद आणि राष्ट्रपतिपद यांसाठी भारतात एकल संक्रमणीय मताची, म्हणजे उमेदवारांना पसंतीक्रम देण्याची, प्रमाणशीर पद्धत आजही वापरली जाते. लोकसभेच्या आणि विधानसभेच्या मतदाराला ती उपलब्ध नाही.